पे स्लाचा व्यवहार: आपलीच जमीन, 90 लाख डॉलरला

2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात एका लिलावाची जाहिरात निघाली. ठिकाण पेनिंग्टन काउंटी, ब्लॅक हिल्स डोंगररांगेचा मध्यभाग. माल म्हणजे सुमारे 1,942 एकरांचा गवताळ माळ, विक्री पाच तुकड्यांत, तारीख 25 ऑगस्ट. नकाशावर या माळाचं नाव रेनल्ड्स प्रेअरी आहे, कारण एकोणिसाव्या शतकापासून तो त्याच नावाच्या कुटुंबाकडे होता. इथले मूळनिवासी लकोटा लोक त्याला पे स्ला म्हणतात.

पुढच्या चार महिन्यांत हा लिलाव रद्द झाला, खाजगी बोलणी झाली आणि 30 नोव्हेंबर 2012 ला खरेदीखत पुरं झालं. किंमत 90 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास 49 कोटी रुपये. एकरी भाव पडला साधारण 4,630 डॉलर. मार्च 2016 मध्ये ही जमीन संघराज्य सरकारच्या विश्वस्त ताब्यात गेली (म्हणजे कागदोपत्री मालकी सरकारकडे, पण ती जमातींच्या हितासाठी) आणि व्यवहार खऱ्या अर्थाने पक्का झाला. जगभरच्या देणगीदारांनी या कामाला हातभार लावला, त्याची बातमीही मोठी झाली. पण जमीन कशी आली आणि कशी टिकली हे पाहायचं तर देणगीच्या आकड्यापेक्षा कागदांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आरक्षित प्रदेशातल्या लोकांना मदत करू पाहणाऱ्यांना म्हणूनच हे प्रकरण उपयोगाचं आहे.

हे लोक कोण

‘सू’ हे बाहेरच्यांनी रूढ केलेलं नाव. हे लोक स्वतःला ओचेती शाकोविन, म्हणजे सात अग्निकुंडांची सभा, म्हणवतात. पूर्वेकडचे चार गट डकोटा (मडेवाकांटन, वाहपेकुटे, सिसेटन, वाहपेटन), मधले दोन यांक्टन आणि यांक्टनाय, आणि पश्चिमेकडचा सर्वांत मोठा गट लकोटा. लकोटांचे पुन्हा सात पोटगट: ओग्लाला, सिचांगू, हंकपापा, मिनिकोंजू आणि इतर तीन. आज यांची आरक्षणं, म्हणजे जमातींसाठी राखलेले प्रदेश, साउथ डकोटा, नॉर्थ डकोटा, मिनेसोटा, नेब्रास्का, मोंटाना अशी विखुरली आहेत. पाइन रिज ओग्लालांचं, रोझबड सिचांगूंचं. प्रत्येकाची स्वतंत्र निवडून आलेली परिषद, स्वतंत्र न्यायालय, स्वतंत्र खजिना. ‘सू लोकांना मदत’ असं ढोबळपणे म्हणणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं, कारण पैसा कोणत्या परिषदेच्या खात्यात जाणार हा प्रश्न पुढे प्रत्येक पायरीवर येतो.

पे स्लाच्या खरेदीत चार जमाती होत्या: रोझबड, क्रो क्रीक, स्टँडिंग रॉक आणि मिनेसोटातली शाकोपी मडेवाकांटन. साउथ डकोटात नऊ जमाती आहेत, त्या सगळ्या यात उतरल्या नाहीत. त्याची कारणं पुढे येतील.

माळाचं महत्त्व

समुद्रसपाटीपासून 6,000 फुटांच्या आसपास, चहूबाजूंनी पॉन्डेरोसा पाइनचं जंगल आणि मध्ये एकाएकी उघडा पडलेला गवताचा विस्तार, असं पे स्लाचं रूप. लकोटांच्या परंपरेत ब्लॅक हिल्स (हे सापा) हा साऱ्या विश्वाचा गाभा, आणि पे स्ला त्या गाभ्याच्याही मधोमध.

इथले विधी आकाशाशी बांधलेले आहेत. वसंतात सूर्य एकेका नक्षत्रातून पुढे सरकतो, तसतसे लोक ब्लॅक हिल्समधल्या एकेका ठिकाणी जात. आधी ज्याला आता ब्लॅक एल्क पीक म्हणतात त्या शिखरावर मेघगर्जनेच्या शक्तींचं स्वागत, मग पे स्लावर साऱ्या जीवसृष्टीचं शांततेने स्वागत, आणि उन्हाळ्यात वायोमिंगमधल्या मातो टिपिला या खडकाजवळ सूर्यनृत्य. त्यांच्या आकाशात एक मोठं वर्तुळ आहे. आपल्या पंचांगातली नावं घेतली तर कृत्तिका, ब्रह्महृदय, पुनर्वसू, प्रश्वा, व्याध आणि राजन्य या ताऱ्यांतून जाणारं. जमिनीवर त्याचं प्रतिबिंब म्हणजे ब्लॅक हिल्सना वेढणारी लाल मातीची दरी, आणि पे स्ला त्या कड्याच्या आत, मध्याशी. म्हणून ‘दुसरीकडे कुठे तरी जागा घ्या’ हा उपाय इथे चालत नाही. विधीची जागा ताऱ्यांनी ठरवलेली आहे.

1883 मध्ये संघराज्य सरकारने आरक्षणांवरच्या विधींना गुन्हा ठरवणारी नियमावली काढली. सूर्यनृत्य त्यात पहिल्या काही बंदींमध्ये होतं. धार्मिक स्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा यायला 1978 उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी विधी जपले त्यांनी ते लपूनछपून जपले. पे स्लावर मात्र जमीनमालकाच्या परवानगीने काही गट जात राहिले. त्यामुळेच लिलावाची बातमी कळताच धावपळ उडाली. पाच तुकडे पाच वेगळ्या लोकांनी घेतले असते तर परवानगी मागायची कोणाला, आणि ती मिळेलच कशावरून?

जमीन गेली कशी

1868 च्या फोर्ट लॅरमी कराराने मिसुरी नदीच्या पश्चिमेचा साउथ डकोटाचा सारा भाग, ब्लॅक हिल्ससह, सू लोकांसाठी राखून ठेवला. कराराचं कलम 12 स्पष्ट होतं: प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्या असल्याशिवाय यातली जमीन सोडता येणार नाही. 1874 मध्ये अमेरिकी सैन्याधिकारी कस्टरच्या तुकडीने इथे सोनं असल्याची बातमी आणली. 1876 च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तोच कस्टर मारला गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, शिधा बंद करण्याची धमकी दिली आणि मग सरकारने वाटाघाटीला माणसं पाठवली. सह्या मिळाल्या त्या जेमतेम एक दशांश प्रौढ पुरुषांच्या. तरीही 28 फेब्रुवारी 1877 च्या कायद्याने सुमारे 73 लाख एकर काढून घेण्यात आले आणि वसाहतवाल्यांना मोकळे झाले. पे स्ला खाजगी मालकीत गेला तो याच वाटेने.

खटला 1923 मध्ये सुरू झाला आणि 30 जून 1980 ला सर्वोच्च न्यायालयात संपला. निकाल आठ विरुद्ध एक: 1877 ची कृती म्हणजे मोबदला न देता केलेलं संपादन. भरपाई 1 कोटी 71 लाख डॉलर, त्यावर दरसाल 5 टक्के सरळव्याज. 103 वर्षांचं व्याज धरून रक्कम साडेदहा कोटी डॉलरच्या घरात गेली. जमातींनी ती उचलली नाही. अजूनही उचललेली नाही, आणि सरकारी खात्यात वाढत वाढत ती 100 कोटी डॉलरच्या वर गेली आहे. नकाराचं कारण भावनिक आहे तसंच कायदेशीरही आहे: पैसे घेतले की विक्री मान्य केल्यासारखं होतं आणि हक्काचा दावा कायमचा मिटतो.

आकडे शेजारी ठेवून पाहावेत. न्यायालयाच्या मूळ रकमेचा भाव एकरी अडीच डॉलरसुद्धा पडत नाही. 2012 मध्ये त्याच डोंगरातल्या माळासाठी जमातींनी एकरी साडेचार हजारांहून अधिक मोजले. 1985 मध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांनी ब्लॅक हिल्समधली सुमारे 13 लाख एकर संघराज्य मालकीची जमीन परत देण्याचं विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलंच नाही.

खरेदीला विरोध झाला तो इथूनच. चोरीला गेलेली वस्तू चोराच्या वारसाकडून विकत घेणं म्हणजे चोरीला पावती देणं, असं म्हणणारे लकोटा तेव्हाही होते, आजही आहेत. बाजू घ्यायची तर खरेदी करणाऱ्यांचा मुद्दा जास्त टिकाऊ वाटतो. एक तर खाजगी मालकाकडून घेतलेल्या तुकड्याने संघराज्य सरकारविरुद्धच्या दाव्याला बाधा येत नाही, कारण भरपाई स्वीकारणं वेगळं आणि बाजारात जमीन घेणं वेगळं. दुसरं म्हणजे 25 ऑगस्ट ही तारीख कोणत्याही तत्त्वासाठी थांबणार नव्हती.

पैशाची जुळवाजुळव

अमेरिकेतल्या जमिनीच्या लिलावात बोली जिंकणाऱ्याने त्याच दिवशी साधारण दहा टक्के इसार भरायचा आणि महिना-दीड महिन्यात उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करायचं, अशी सर्वसाधारण रीत आहे. इसार बुडू शकतो. म्हणजे हातात रोख किंवा बँकेचं पक्कं पत्र नसताना बोली लावणं धोक्याचं. जमातीच्या परिषदेला तर हे आणखी अवघड, कारण पैसा खर्च करायला परिषदेचा ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते, आणि चार जमाती असतील तर चार ठराव लागतात.

रोझबडने 13 लाख डॉलर बाजूला काढले. ज्या टॉड काउंटीत रोझबड आहे ती देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांत मोडते हे लक्षात घेतलं की या रकमेचं वजन कळतं. लास्ट रियल इंडियन्स या लकोटा तरुणांच्या माध्यमगटाने इंटरनेटवर लोकवर्गणी सुरू केली, लक्ष्य 10 लाख डॉलर. हजारो लोकांनी छोट्या रकमा दिल्या आणि काही लाख डॉलर जमले. मूळनिवासींच्या हक्कांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया यांनीही त्याच ऑगस्टमध्ये सरकारने जमातींशी बोलावं असं जाहीर आवाहन केलं. लिलावाच्या अगदी तोंडावर मालकांनी तो मागे घेतला आणि सगळे तुकडे एकत्र जमातींना विकायची बोलणी सुरू झाली.

लोकवर्गणीची कामगिरी इथे नेमकी मोजायला हवी. 90 लाखांच्या मानाने ती रक्कम लहान होती. सर्वांत मोठा वाटा शाकोपी मडेवाकांटन यांचा. मिनियापोलिसच्या दक्षिणेला प्रायर लेक इथे असलेल्या या छोट्या डकोटा समुदायाचा मिस्टिक लेक हा कॅसिनो मोठ्या शहराच्या अंगाला आहे आणि त्यातून ते देशभरच्या जमातींना वर्षानुवर्षं अनुदानं आणि कर्जं देत आले आहेत. 1988 च्या कायद्याने जमातींना कॅसिनोची वाट मोकळी केली, पण फायदा झाला तो शहराजवळच्यांना. रोझबडचा कॅसिनो नेब्रास्काच्या सीमेवर माळरानात आहे, तिथे गिऱ्हाईक किती येणार?

मग वर्गणीने साधलं काय? वेळ. काही आठवड्यांत हा विषय स्थानिक लिलावापुरता न राहता देशभराच्या बातम्यांत गेला, मालकांवर आणि परिषदांवर दोन्हीकडून नजर आली, आणि तुकड्या-तुकड्यांची विक्री टळली. याचा तोटाही असतो: गाजावाजा झाला की विकणाऱ्याला कळतं की समोरच्याला ही जमीन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि भाव खाली येण्याची आशा संपते. ज्यांना असा उपक्रम करायचा असेल त्यांनी बोलणी आधी गुपचूप करून पाहावीत आणि जाहीर आवाहन शेवटचं हत्यार म्हणून ठेवावं. पे स्लाच्या वेळी हा पर्यायच नव्हता, कारण तारीख आधीच छापून आली होती.

वर्गणीच्या संकेतस्थळांचं कमिशनही धरून चालावं. त्या काळात इंडिगोगोवर लक्ष्य गाठलं तर 4 टक्के, आणि ‘जमेल तेवढं ठेवा’ या पद्धतीत लक्ष्य हुकलं तर 9 टक्के कापले जात, वर कार्डाचा खर्च सुमारे 3 टक्के. लक्ष्य फुगवून लावण्याची किंमत अशी मोजावी लागते. शिवाय जमीन हुकली तर पैसे परत की दुसऱ्या कामाला, हे आवाहनात पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असावं. बहुतेक आवाहनांत ते नसतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

क्रो क्रीकच्या सहभागाला एक जुनी बाजू आहे. 1862 च्या डकोटा युद्धानंतर मॅनकाटो इथे 26 डिसेंबरला 38 डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं आणि उरलेल्यांना मिनेसोटातून हद्दपार करून 1863 मध्ये क्रो क्रीकला आणून सोडलं. तिथे पहिल्याच काळात शेकडो माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली. शाकोपी हे मिनेसोटात टिकून राहिलेल्या किंवा परत आलेल्या डकोटांचे वंशज. एकाच हद्दपारीच्या दोन टोकांचे लोक दीडशे वर्षांनी एका खरेदीखतावर आले.

खरेदीखत झालं म्हणजे झालं का?

इथेच बहुतेक देणगीदारांची गोष्ट थांबते. खरं काम इथून पुढचं होतं.

जमातीने बाजारात विकत घेतलेली जमीन ही साधी मालकीची जमीन असते. आरक्षणाबाहेर असेल तर तिच्यावर काउंटीचा मालमत्ता कर लागतो, राज्याचे कायदे लागतात, कर थकला तर जप्ती येऊ शकते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव चढलं एवढंच. तिच्यावर जमातीची सत्ता आपोआप परत येत नाही. 2005 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ओनायडा जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: दोनशे वर्षांपूर्वी गेलेली जमीन पुन्हा विकत घेतली म्हणून सार्वभौमत्व जिवंत होत नाही, त्यासाठी सरकारकडे विश्वस्त ताब्याचा अर्ज करा.

धोका किती खरा आहे हे क्रो क्रीकला ठाऊक होतं. डिसेंबर 2009 मध्ये, पे स्लाच्या अवघी तीन वर्षं आधी, संघराज्य कर खात्याने कर्मचाऱ्यांच्या पगारावरचा थकलेला कर वसूल करायला त्या जमातीची सुमारे 7,100 एकर जमीन लिलावात काढली. ही जमीन जमातीने 1998 मध्ये विकत घेतलेली होती, आणि ती विश्वस्त ताब्यात नसल्याने जप्त करता येते असं खात्याचं म्हणणं होतं. जमीन विश्वस्त ताब्यात असती तर लिलाव होऊच शकला नसता.

तर अर्जाची वाट अशी. आधार 1934 च्या इंडियन रीऑर्गनायझेशन कायद्याचं कलम 5, नियम संघराज्य संहितेच्या शीर्षक 25 च्या भाग 151 मध्ये. अर्ज जातो ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सकडे, म्हणजे मूळनिवासींचे व्यवहार पाहणाऱ्या संघराज्य खात्याकडे. सोबत लागतात ते कागद: परिषदेचा ठराव, जमिनीचं कायदेशीर वर्णन आणि मोजणी, मालकीचा शोध-अहवाल, बोजांची यादी (वाटेचे हक्क, गहाण, चराईचे भाडेपट्टे, खनिजहक्क), जमीन कशाला हवी याचं निवेदन, आणि पर्यावरणाची प्राथमिक पाहणी. एकापेक्षा जास्त जमाती मालक असतील तर प्रत्येकीचा ठराव एकमेकांशी शब्दाला शब्द जुळलेला असावा. वर्णनात एका कोपऱ्याचा फरक निघाला तरी फाइल परत येते.

मग ब्युरो राज्याला आणि काउंटीला नोटीस देतो आणि 30 दिवसांत म्हणणं मागतो: किती कर बुडेल, रस्ते आणि पोलिसांचं काय, जमिनीच्या वापरावरून वाद होईल का. जमीन आरक्षणापासून जितकी लांब, तितकं राज्याच्या आक्षेपाला वजन जास्त. त्या काळच्या नियमांत ही अट स्पष्ट लिहिलेली होती. पे स्ला कोणत्याही आरक्षणाला लागून नाही, त्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा होता. आणखी एक अडचण 2009 च्या एका निकालाने निर्माण केली: 1934 मध्ये जी जमात संघराज्याच्या अधिकाराखाली होती तिच्यासाठीच जमीन घेता येते. जुन्या, करार झालेल्या जमातींना हे सिद्ध करणं जड जात नाही, पण जुने दस्तऐवज काढून जोडावे लागतातच.

अशा अर्जांमागे आजूबाजूच्या लोकांच्या मनात पहिली शंका असते ती कॅसिनोची. ऑक्टोबर 1988 नंतर आरक्षणाबाहेर विश्वस्त ताब्यात आलेल्या जमिनीवर काही मोजके अपवाद सोडता जुगार चालवता येत नाही. तरीही उद्देशाच्या निवेदनात ‘विधी, बायसन (अमेरिकी रानगवे) आणि गवताळ माळाचं जतन, व्यापारी वापर नाही’ असं पहिल्या ओळीतच लिहिण्याने निम्मे आक्षेप गळतात.

वेळ कुठे जातो? बोजे साफ करण्यात, आणि जुन्या होणाऱ्या कागदांत. पर्यावरण-पाहणीतले बरेचसे भाग 180 दिवसांनी शिळे होतात आणि पुन्हा करावे लागतात. ब्युरोकडे फाइल वर्षभर पडून राहिली की जमातीला तोच खर्च दुसऱ्यांदा येतो. काही जमातींच्या परिषदांची मुदत दोनच वर्षांची असते. अर्ज करणारी परिषद आणि मंजुरी घेणारी परिषद वेगळी, मधल्या काळात जमीन विभागातला माणूसही बदललेला. आणि निर्णय झाल्यावरही 30 दिवस अपिलाला मोकळे ठेवावे लागतात. पे स्लाला खरेदीपासून मंजुरीपर्यंत सव्वातीन वर्षं लागली. आरक्षणाबाहेरच्या जमिनीसाठी हे फार नाही.

या सव्वातीन वर्षांचा मालमत्ता कर, वकील, मोजणीदार आणि पाहणीचा खर्च कोणत्याही भावनिक आवाहनात दिसत नाही. देणगीदाराला ‘पवित्र भूमी वाचवा’ असं सांगता येतं. ‘दुसऱ्यांदा करायच्या मोजणीसाठी पैसे द्या’ असं सांगून कोण देणार? पण नेमका हाच पैसा कमी पडतो.

देणगी द्यायचीच असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न प्रत्यक्ष पडतो, म्हणून थोडं तपशिलात. जमातीच्या सरकारला थेट देणगी देता येते. अंतर्गत महसूल संहितेचं कलम 7871 या बाबतीत जमातीला राज्य सरकारच्या बरोबरीने धरतं, आणि देणगी निव्वळ सार्वजनिक कामासाठी असेल तर करसवलत मिळते. जमातीकडे धर्मादाय संस्थेचं प्रमाणपत्र नसतं म्हणून लोक बिचकतात. त्याची गरजच नाही. अडचण येते ती कंपनीच्या ‘तुम्ही द्याल तेवढे आम्हीही देऊ’ योजनेत, कारण त्यांची संगणक-यादी फक्त नोंदणीकृत संस्थाच ओळखते. तिथे कलमाचा उल्लेख असलेलं जमातीच्या कोषाध्यक्षांचं पत्र जोडावं. 250 डॉलर किंवा त्यावरच्या देणगीला लेखी पोच लागते, ती त्याच वेळी मागून घ्यावी. भारतातून पाठवणाऱ्याला 80जी ची सवलत मात्र मिळणार नाही, ती भारतातल्या मान्य संस्थांपुरतीच आहे.

मधली संस्था असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन शेवटी कोणाच्या नावावर होणार, जमातीच्या की संस्थेच्या? परिषदेचा ठराव झाला आहे का, असल्यास त्याचा क्रमांक काय? आणि वर्गणी वेगळ्या खात्यात आहे की संस्थेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळते? दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली पैसा गोळा होत असेल तर 5 ते 10 टक्के व्यवस्थापन-खर्च कापला जाणं नेहमीचं आहे, त्यात काही काळंबेरं नाही, पण तो आधी सांगितलेला असावा. उत्तरं देताना जी संस्था उपाशी मुलांचे फोटो पुढे करते आणि ठरावाचा क्रमांक देत नाही, तिच्यापासून दूर राहिलेलं बरं.

जुने कपडे आणि खेळणी पेटीत भरून पाठवण्याची हौस मोठी असते. आरक्षणावर ती पोचतात तेव्हा निवडायला माणूस आणि ठेवायला जागा नसते, आणि उरलेलं फेकायचा खर्च तिथल्यांच्याच माथी. आधी विचारल्याशिवाय वस्तू पाठवू नये.

माळाची निगा

जमीन आली की तिचा वार्षिक खर्च सुरू होतो. पे स्लावर बायसन परत आणले गेले, आणि बायसनला गुरांचं चार फुटी काटेरी तारेचं कुंपण पुरत नाही. साडेपाच ते सहा फुटांचं, ताणलेल्या मजबूत तारेचं लागतं. 2,000 एकर अगदी चौकोनी असते तरी परीघ सात मैल, सव्वाअकरा किलोमीटर होतो. प्रत्यक्षात माळाची कड वाकडीतिकडी आहे, म्हणजे त्याहून बरंच जास्त. डोंगरातल्या हिवाळ्यात बर्फाचे ढिगारे कुंपणावर साचतात, तारा दबतात, जनावरं त्यावरून चालत बाहेर जातात. दर वसंतात डागडुजी आलीच.

दुसरं संकट हळू चालीचं. शतकभर आग दाबून ठेवल्याने पाइनची रोपं कडेकडेने माळात शिरतात आणि उघडं गवत आक्रसत जातं. थिसलसारखं परकं काटेरी तण आणि केंटकी ब्लूग्रास मूळ गवताला मागे सारतात. उपाय माहीत आहेत: रोपं उपटणं, तण वेळेवर काढणं, आणि ठरवून लावलेली आग. आगीसाठी वनखात्याशी समन्वय लागतो, कारण चारी बाजूंना ब्लॅक हिल्स राष्ट्रीय वन आहे. चराई किती ठेवायची याचाही ताळमेळ हवा. बायसन फार झाले तर माळ झिजतो, फार कमी झाले तर जुनं वाळलं गवत साचतं आणि पाइनला रान मोकळं मिळतं. याशिवाय विधींच्या दिवसांत जनावरं कुठे ठेवायची हेही ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारे चार जमातींचे लोक असतात.

विश्वस्त ताबा कुंपणापाशी संपतो. पलीकडची वनजमीन संघराज्याची आहे आणि 1872 चा खाणकायदा तिथे अजून लागू आहे. गेल्या काही वर्षांत जवळच्या रॉचफोर्ड गावाच्या परिसरात ग्रॅफाइट शोधण्यासाठी खोदकामाचा प्रस्ताव आला आणि जमातींनी पे स्लाच्या जवळिकीचं कारण देऊन हरकत घेतली. अशा वेळी त्यांच्या हातात राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा कायद्याच्या कलम 106 खालची सल्लामसलत असते. त्यात वनखात्याने जमातींना विचारणं बंधनकारक आहे, त्यांचं ऐकणं नाही. म्हणून हरकतीला जागांच्या नोंदी, नकाशे आणि पाण्याच्या प्रवाहाची माहिती जोडावी लागते, आणि ती कोणी तरी उन्हाळाभर फिरून गोळा करावी लागते. सध्या मदत हवी आहे ती या कामाला.